व्हरमॉन्ट संस्थानांतील कांहीं राजकारणी पुरुष व त्यांचीं कागदपत्रें

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यांत, उत्तरेस कॅनडा, पूर्वेस कनेक्टिकट नदी व पश्चिमेस शॅम्प्लेन सरोवर यांच्या दरम्यान, व्हरमॉन्ट नांवाचें एक डोंगराळ संस्थान आहे. क्षेत्रफळ सुमारें ९,६०० चौरस मैल. वस्ती २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें ६ लक्ष ४३ हजार. समुद्रकिनारा नाहीं, मोठें शहर नाहीं. मॉन्टपीलिअर ही राजधानी तर त्या देशांतील सर्व संस्थानांच्या राजधान्यांत वस्तीनें सर्वांत लहान आहे. येथील लोक पूर्वीं मेंढ्या पाळीत, पुढें गाई पाळूं लागले. मेपल वृक्षाच्या रसाची ते साखर करितात, आणि मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारीं गांवोगांव सभा भरवून आपल्या गांवचा जमाखर्च आपणच मंजूर करितात. अशा या खेडवळ मुलखांत दोन अध्यक्ष जन्मले, आणि वस्तीच्या मानानें पाहतां नामांकित राजकारणी पुरुषांची येथील संख्या थोडी नाहीं.

हा दूरदेशचा विषय येथें घेण्याचें कारण एवढेंच कीं, या पुरुषांविषयीं जे वाद आजवर चालले ते बहुतेक कागदांचे वाद आहेत. कोणाचें पत्र शत्रूच्या दफ्तरांत सांपडलें, कोणाचें सभेपुढें बदलून वाचलें गेलें, कोणीं मरणाच्या आधीं आपलें सर्व दफ्तर जाळविलें, कोणाच्या घरच्या बायबलांतील नोंद थडग्यावरील अक्षरांशीं जुळत नाहीं. पुराव्याचें बलाबल ठरविण्याचा ज्यांस नाद आहे त्यांस ही सामग्री रुचेल अशी आशा आहे. थॅडियस स्टीव्हन्स व स्टीफन डग्लस हे दोघे प्रसिद्ध पुरुष जन्मानें व्हरमॉन्टचेच. परंतु एकाची कर्मभूमि पेन्सिल्व्हेनिया व दुसऱ्याची इलिनॉय असल्यामुळें त्यांस येथें घेतलें नाहीं. चेस्टर आर्थर हाहि न्यूयॉर्कमध्यें वाढला खरा. पण त्याचें जन्मस्थान हाच वादाचा विषय असल्यानें त्यास वगळून चालणार नाहीं.

आरंभ सनदांपासून केला पाहिजे. शेजारच्या न्यू हॅम्पशायर प्रांताचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ यानें १७४९ पासून १७६४ पर्यंत कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेकडील या रानांत सव्वाशेंहून अधिक गांवांच्या सनदा दिल्या, आणि प्रत्येक गांवांत स्वतःसाठीं पांचशें एकर राखून ठेवण्यास तो विसरला नाहीं. पहिल्या गांवास त्यानें आपल्याच नांवावरून बेनिंग्टन हें नांव दिलें. इकडे न्यूयॉर्क प्रांत म्हणे कीं, हा सर्व मुलूख आमचा. तंटा विलायतेस गेला, व २० जुलै १७६४ रोजीं राजानें आपल्या मंत्रिमंडळांत हुकूम केला कीं, कनेक्टिकट नदीचा पश्चिम तीर ही दोन्ही प्रांतांमधील सीमा असावी. या हुकुमांत सीमेसंबंधींचें जें क्रियापदाचें रूप आहे त्यावर पुढें मोठें रण माजलें. न्यूयॉर्कवाले म्हणत कीं, राजानें पूर्वींपासून असलेली सीमा केवळ स्पष्ट केली. तेव्हां वेंटवर्थच्या सनदा मुळांतच रद्द. सनदवाले म्हणत कीं, हें रूप भविष्यार्थी आहे. आजपासून सीमा अशी असेल, पूर्वीं दिलेल्या सनदांस बाध नाहीं. एका क्रियापदाच्या अर्थावर शेंकडों कुटुंबांचीं शेतें अवलंबून असावीं हें वैयाकरणांस नवल वाटण्यासारखें नाहीं. मीमांसकांनीं विधि व अनुवाद यांचा भेद याच प्रकारें केलेला आहे. १७७० सालीं आल्बनी येथील न्यायालयांत सनदवाल्यांविरुद्ध दावे झाले व ते हरले. कायद्यानें हरल्यावर त्यांनीं दांडगाई आरंभिली. त्यांच्या टोळीचा नायक ईथन ॲलन.

हा ॲलन कनेक्टिकट प्रांतांत १७३८ सालीं जन्मला. शरीरानें धिप्पाड, तोंडाळ, धर्माविषयीं पाखंडी, जमिनीच्या व्यापारांत मुरलेला असा हा पुरुष. १७७४ सालीं न्यूयॉर्क सरकारनें त्याच्या शिरावर शंभर पौंडांचें बक्षीस लाविलें होतें. पुढच्याच वर्षीं इंग्रजांविरुद्ध युद्ध सुरू झालें आणि १० मे १७७५ च्या पहांटे त्यानें बेनेडिक्ट आर्नल्ड यासह शॅम्प्लेन सरोवरावरील टायकॉन्डेरोगा हा किल्ला रक्तपात न करितां घेतला. किल्लेदारानें कोणाच्या हुकुमानें किल्ला मागतोस असें विचारतां ॲलननें परमेश्वर व काँग्रेस यांच्या नांवानें असें भारदस्त उत्तर दिलें, ही गोष्ट अमेरिकेंतील शाळेच्या पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली आहे. या उत्तरास प्रमाण काय? ॲलनचें स्वतःचें पुस्तक. तें १७७९ सालचें, म्हणजे प्रसंगानंतर चार वर्षांनीं, मध्यंतरीं इंग्रजांच्या कैदेंत दोन वर्षांहून अधिक काळ काढल्यावर लिहिलेलें. दुसरी बाजू बराच काळ उपलब्ध नव्हती. १९२८ सालीं ॲलन फ्रेंच या अभ्यासकानें जनरल गेज याच्या कागदांतून फेल्टॅम नांवाच्या इंग्रज लेफ्टनंटाचा वृत्तांत छापिला. तो ११ जून १७७५ चा, म्हणजे प्रसंगानंतर अवघ्या महिन्याभराचा. फेल्टॅम सांगतो कीं, दरवाजा ठोठावल्यावर प्रथम बाहेर आलों तो मीच, किल्लेदार नव्हे. आर्नल्ड म्हणाला आपणांस केंब्रिज येथील काँग्रेसचा हुकूम आहे, व ॲलन म्हणाला आपला हुकूम कनेक्टिकट प्रांताचा. परमेश्वराचा उल्लेख त्यांत नाहीं. ज्या काँग्रेसच्या नांवानें किल्ला मागितला म्हणतात ती काँग्रेस फिलाडेल्फिया येथें त्याच १० मे रोजीं भरत होती, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. माझ्या मतें फेल्टॅमचा वृत्तांत अधिक ग्राह्य; कारण पराभूत मनुष्य आपल्या वरिष्ठास लिहितांना विजेत्याचें एखादें गर्जनायुक्त वाक्य गाळील असें वाटत नाहीं, उलट तेवढाच आपल्या भांबावण्यास आधार म्हणून तें घालील.

हें प्रकरण किरकोळ. खरा प्रश्न पुढचा आहे व त्यांत ईथन, त्याचा धाकटा भाऊ आयरा व गव्हर्नर टॉमस चिटेंडन या तिघांच्या इमानाचा निवाडा आहे.

जानेवारी १७७७ मध्यें या सनदवाल्यांनीं आपण न्यूयॉर्कच्या ताब्यांत नाहीं व इंग्रजांच्याहि नाहीं असें जाहीर केलें, जूनमध्यें व्हरमॉन्ट हें नांव घेतलें आणि जुलैमध्यें विन्झर गांवीं घटना केली. प्रौढ मनुष्यास गुलाम करून ठेवूं नये असें त्या घटनेंत पहिल्याच प्रकरणांत लिहिलें, ही गोष्ट त्या खंडांत तोंवर कोणत्याहि प्रांताच्या घटनेनें केली नव्हती. परंतु न्यूयॉर्कच्या विरोधामुळें काँग्रेस या नव्या राज्यास आपल्या संघांत घेईना. असें हें राज्य १७७७ पासून १७९१ पर्यंत चौदा वर्षें कोणाचेंच नव्हतें. स्वतःचीं तांब्याचीं नाणीं पाडी, स्वतःच्या सनदा देई, आणि उत्तरेकडील क्वेबेकच्या बाजूनें इंग्रज केव्हां येतील या धास्तींत असे.

मार्च १७८० मध्यें बेव्हर्ली रॉबिन्सन या इंग्रजपक्षीय अधिकाऱ्यानें ईथन ॲलन यास एक गुप्त पत्र लिहिलें. तें जुलैमध्यें आर्लिंग्टन गांवच्या रस्त्यांत त्याच्या हातीं पडलें. आशय असा कीं, व्हरमॉन्टनें राजाचा पक्ष धरल्यास त्यास स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळेल. ॲलननें उत्तर दिलें नाहीं. पण तो कागद फाडलाहि नाहीं. दुसरें पत्र आल्यावर मार्च १७८१ मध्यें त्यानें दोन्ही पत्रें काँग्रेसकडे पाठवून दिलीं आणि बरोबर लिहिलें कीं, काँग्रेस आम्हांस घेत नसेल तर स्वतंत्रपणें शत्रूशीं तह करण्याचा आम्हांस अधिकार आहे. म्हणजे शत्रूचें पत्र शत्रूविरुद्ध पुरावा म्हणून दिलें, आणि त्याच हातानें मित्रास धमकीहि दिली. दरम्यान क्वेबेकचा गव्हर्नर फ्रेडरिक हॉल्डिमंड, हा जन्मानें स्विस, याचा हस्तक जस्टस शेरवुड हा ऑक्टोबर १७८० मध्यें कॅसलटन येथें ॲलनला भेटून गेला होता. हा शेरवुड पूर्वीं व्हरमॉन्टचाच रहिवासी. त्या भेटीनंतर सरहद्दीवर तहकुबी झाली. मे १७८१ मध्यें आयरा ॲलन कैद्यांची अदलाबदल करण्याच्या मिषानें इल-ओ-न्वा बेटावरील इंग्रजांच्या ठाण्यांत गेला, व तेथें अनेक दिवस बोलणें चाललें.

या बोलण्याविषयींची घरची साक्ष म्हणजे आयरा ॲलनचा इतिहास. हा ग्रंथ १७९८ सालीं लंडनमध्यें छापिला. आयराचें म्हणणें असें कीं, हा सर्व डाव होता. आम्हीं इंग्रजांस आशेवर झुलत ठेवून त्यांचें मोठें सैन्य निरुपयोगी केलें व आमच्या उघड्या सरहद्दीचें रक्षण केलें. गुपित जाणणारे आम्ही आठच जण होतों. आपल्याकडील बखरींचा ज्यांस परिचय आहे त्यांस या ग्रंथाची जात सांगण्याची गरज नाहीं. प्रसंग रंगवून सांगावा, स्वतःच्या तोंडीं चतुर भाषणें घालावीं, तारखांकडे थोडी डोळेझांक करावी. पण घरच्या माणसासच ठाऊक असतील अशा बारीक गोष्टी मात्र यांतच मिळाव्या.

अशी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १७८१ मध्यें इंग्रज सेनानी सेंट लेजर हा टायकॉन्डेरोगास येऊन उतरला. प्रांताचा दर्जा देण्याचा जाहीरनामा त्याजपाशीं तयार होता. त्याच्या एका टोळीशीं चकमक होऊन व्हरमॉन्टचा आर्किलस टपर नांवाचा सार्जंट मारला गेला. तेव्हां सेंट लेजरनें टपरचे कपडे परत पाठविले व गव्हर्नर चिटेंडन यास पत्र लिहून दिलगिरी दर्शविली. शत्रूचा सेनापति एका सार्जंटाच्या मरणाबद्दल दिलगिरी दाखवितो हें ऐकून लोक चकित झाले. त्या वेळीं विधिसभा चार्ल्सटाऊन येथें भरली होती. सरहद्दीवरील व्हरमॉन्टच्या अधिकाऱ्यांचींहि कांहीं पत्रें त्याच वेळीं आलीं व त्यांत न सांगण्याजोग्या गोष्टी होत्या. लोक तर पत्रें वाचून दाखवा म्हणून आग्रह धरून बसले. तेव्हां गव्हर्नर व त्याचे सोबती यांनीं नथॅनिएल चिपमन या वकिलाकडून जाहीर करण्यासारखा तेवढाच मजकूर घालून नवीं पत्रें लिहविलीं, आणि तीं मूळ पत्रें म्हणून सभेपुढें वाचलीं. चिपमनच्या भावानें १८४६ सालीं छापिलेल्या त्याच्या चरित्रांतहि हा प्रकार सांगितला आहे. कागद जमविणारांनीं या गोष्टीवर थोडें थांबावें. अशा पत्राची एखादी प्रत जर आज कोणाच्या पेटींत निघाली, तर तिचें शाई, कागद, वळण, तारीख सर्व कांहीं त्याच काळचें ठरेल. समकालीन, सभेपुढें वाचलेली व दप्तरीं दाखल झालेली अशी ती असेल. आणि तरीहि ती खोटी असेल.

आतां दुसरी साक्ष. हॉल्डिमंडनें आपला प्रत्येक कागद जपून ठेवला होता. त्याच्या घराण्यांतील विल्यम हॉल्डिमंड यानें तें दफ्तर १८५७ सालीं ब्रिटिश म्यूझिअमला दिलें. त्याचे दोनशेंहून अधिक खंड भरले. पुढें कॅनडाच्या दफ्तरखान्यानें त्यांच्या नकला करवून यादी प्रसिद्ध केली, आणि व्हरमॉन्टवाल्यांस आपल्या पूर्वजांचीं पत्रें परक्याच्या घरीं वाचावयास मिळालीं. त्यांत शेरवुडचे वृत्तांत आहेत, इंग्रजांचे आपसांतील संशय आहेत; कारण हॉल्डिमंडलाहि हे ॲलन बंधु आपणांस फसवीत नाहींत ना अशी शंका वारंवार येत होती. पण त्यांत जून १७८२ चें ईथन ॲलनचें एक पत्रहि आहे. त्यांत हा टायकॉन्डेरोगाचा वीर हॉल्डिमंडास आश्वासन देतो कीं, व्हरमॉन्ट हा ब्रिटिश प्रांत व्हावा म्हणून आपण होईल तें सर्व करूं.

या पत्राची तारीख हाच सर्व वादाचा मर्मबिंदु होय. कॉर्नवॉलिस यॉर्कटाऊन येथें शरण आला तो ऑक्टोबर १७८१ मध्यें. ती बातमी येतांच सेंट लेजर जाहीरनामा खिशांत ठेवून परत गेला. त्यानंतर व्हरमॉन्टवर मोठ्या स्वारीचें भय उरलें नव्हतें. केवळ संरक्षणासाठीं डाव मांडला असता तर भय संपतांच डाव मोडावयास हवा होता. तो आठ महिन्यांनंतरहि चालू आहे. तेव्हां आयराचा पूर्वपक्ष या पत्रापुढें टिकत नाहीं. पण म्हणून केवळ राजद्रोह हा उत्तरपक्षहि सिद्ध होत नाहीं. मध्यंतरीं काय घडलें तें पाहावें. ऑगस्ट १७८१ मध्यें काँग्रेसनें अट घातली कीं, व्हरमॉन्टनें नदीच्या पूर्वेकडील व न्यूयॉर्कच्या बाजूचीं जीं गांवें आपणांत सामील करून घेतलीं तीं सोडून द्यावीं, मग संघप्रवेशाचा विचार करूं. जानेवारी १७८२ मध्यें स्वतः वॉशिंग्टननें चिटेंडन यास पत्र लिहून तोच सल्ला दिला. फेब्रुवारींत व्हरमॉन्टनें तीं गांवें सोडलीं. काँग्रेसनें मात्र प्रवेश दिला नाहीं. जूनमधील पत्र या अपेक्षाभंगानंतरचें आहे.

मग ॲलन बंधूंस हवें होतें तरी काय? १७७३ पासून त्यांची अन्यन रिव्हर लँड कंपनी शॅम्प्लेन सरोवराच्या कांठची जमीन विकत घेत होती. ती सर्व जमीन वेंटवर्थच्या सनदांवरची. तेथील लांकूड व माल स्वाभाविकपणें उत्तरेस, रिशेल्यू नदीच्या वाटेनें क्वेबेककडे वाहणार. न्यूयॉर्कचें राज्य आलें तर सनदा बुडाल्या. काँग्रेसनें घेतलें नाहीं तर न्यूयॉर्क येणार. राजानें सनदा कायम केल्या तर जमीनहि राहील व व्यापारहि वाढेल. चिल्टन विल्यमसन यानें १९४९ सालच्या आपल्या ग्रंथांत या व्यापाराच्या व जमिनीच्या अंगावर भर दिला आहे व तें मला पटतें. ज्या सत्तेकडून सनदा टिकतील ती सत्ता आपली, एवढें हें इमान होतें. त्यास राष्ट्रभक्ति म्हणणें जितकें भोळेपणाचें तितकेंच त्यास द्रोह म्हणणें उतावीळपणाचें. कारण जें राष्ट्र त्यांस घेतच नव्हतें त्याचा द्रोह कसा व्हावा? आमच्या जुन्या वतनदारांचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस ही मनोवृत्ति ओळखीची वाटेल. चिटेंडन व इतर प्रमुख मंडळींनीं १७८१ सालीं आयराला एक लेखी दाखला दिला होता कीं, याचें बोलणें आमच्या संमतीनें व मुलखाच्या रक्षणासाठीं चाललें आहे. पुष्कळ लोक हा दाखला निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून दाखवितात. माझ्या दृष्टीनें तो उलट पक्षींहि लागू पडतो: ज्यास आपल्या कृत्याचा अर्थ पुढें निराळा होईल अशी भीति वाटते तोच असा कागद आधीं करून ठेवतो.

न्यूयॉर्कचा दावा अखेर १७९० सालीं ३० हजार डॉलर देऊन मिटला, आणि ४ मार्च १७९१ रोजीं व्हरमॉन्ट हें चौदावें संस्थान म्हणून संघांत आलें. ईथन तें पाहावयास नव्हता. तो फेब्रुवारी १७८९ मध्यें वारला. त्याचें जिवंतपणीं काढलेलें एकहि चित्र उपलब्ध नाहीं. बर्लिंग्टनच्या दफनभूमींत १८५८ सालच्या ठरावानें त्याचा ४२ फूट उंचीचा स्तंभ उभारला, परंतु देह नेमका कोठें पुरला आहे तें ठाऊक नाहीं. आयराची गति याहून वाईट. विश्वविद्यालयाची स्थापना करणारा हा पुरुष १७९६ सालीं फ्रान्समधून २० हजार बंदुका घेऊन येत असतां इंग्रजांनीं जहाज पकडलें. त्या खटल्यांत त्याचें सर्वस्व गेलें व १८१४ सालीं तो फिलाडेल्फियांत दारिद्र्यांत मेला.

मॅथ्यू लायन याचें वृत्त थोडक्यांत देतों. हा आयर्लंडमधून १७६४ सालीं चाकरीच्या करारानें विकला जाऊन आलेला मुलगा. पुढें फेअर हेवन गांव त्यानें वसविलें, लोखंडाचा कारखाना काढिला, छापखाना घातला. काँग्रेसमध्यें निवडून गेल्यावर रॉजर ग्रिझवोल्ड या सभासदानें लांकडी तरवारीवरून त्याच्या जुन्या लष्करी अपमानाची टर उडविली, तेव्हां जानेवारी १७९८ मध्यें लायन त्याच्या तोंडावर थुंकला. फेब्रुवारींत ग्रिझवोल्डनें त्यास भर सभागृहांत काठीनें झोडपलें व लायननें शेगडीचा चिमटा उचलला. पण येथें आपणांस प्रयोजन आहे तें त्याच वर्षाच्या खटल्याशीं. सरकारावर टीका छापणारास शिक्षा करण्याचा कायदा १४ जुलै १७९८ रोजीं झाला. लायनवर आरोप आला तो ज्या पत्रावरून, तें त्यानें जूनमध्यें, कायदा होण्याच्या आधीं, लिहिलें होतें. वर्तमानपत्रांत छापून आलें तें ३१ जुलैस. गुन्हा लिहिण्याच्या दिवशीं घडला कीं छापण्याच्या? न्यायाधीश पॅटर्सन यांनीं छापण्याचा दिवस धरला. चार महिने कैद व एक हजार डॉलर दंड झाला. व्हर्जेन्सच्या तुरुंगांत असतांनाच मतदारांनीं त्यास डिसेंबरांत पुन्हा निवडून दिलें. १८०१ सालीं जेफर्सन याच्या निवडणुकीचा तिढा ३६ व्या मतदानास सुटला, त्यांत व्हरमॉन्टचें मत देणारा हाच लायन. दंडाची रक्कम काँग्रेसनें १८४० सालीं व्याजासह त्याच्या वारसांस परत केली. तेव्हां त्यास मरून १८ वर्षें झालीं होतीं.

जस्टिन मॉरिल हा लोहाराचा मुलगा, १५ व्या वर्षीं शाळा सुटलेला. त्याच्या १८६२ च्या कायद्यानें प्रत्येक संस्थानास काँग्रेसमधील दर सभासदामागें ३० हजार एकर सरकारी जमीन मिळून शेतकी व यंत्रविद्येचीं महाविद्यालयें निघालीं. ही कल्पना मूळ इलिनॉयच्या जोनाथन टर्नर याची, असा पक्ष १९१० सालीं एडमंड जेम्स यानें मांडिला. कल्पना अनेकांस सुचते, कायदा मंजूर करून घेणें निराळें; १८५९ सालीं अध्यक्षानें नामंजूर केलेलें विधेयक तीन वर्षांनीं पुन्हा उभें करून पार पाडणारा मॉरिलच होता, म्हणून हा वाद मला शुष्क वाटतो.

जॉर्ज पर्किन्स मार्श याजविषयीं मात्र लिहावें तितकें थोडें. वुडस्टॉक गांवीं १८०१ सालीं जन्मलेला हा वकील वीस भाषा जाणत होता. १८३८ सालीं त्यानें आइसलँडच्या जुन्या भाषेचें व्याकरण छापिलें, काँग्रेसमध्यें सहा वर्षें बसला, तुर्कस्थानांत वकील म्हणून राहिला, व १८६१ पासून १८८२ मध्यें मरेपर्यंत इटलींत. डोंगर उघडे पडले कीं झरे आटतात हें त्यानें लहानपणीं व्हरमॉन्टच्या टेंकड्यांवर पाहिलें होतें. तेंच पुढें भूमध्य सागराच्या कांठीं पाहून १८६४ सालीं मनुष्याच्या हातून सृष्टीचें रूप कसें पालटतें यावर ग्रंथ लिहिला. मद्रास इलाख्यांतील जंगलखात्याचा पाया घालणारे ह्यू क्लेघॉर्न यांनीं तो ग्रंथ हिमालयाच्या उतारावरून काश्मीरपर्यंत आपल्याबरोबर नेला होता. मार्शचा सुमारें १२ हजार पुस्तकांचा संग्रह फ्रेडरिक बिलिंग्ज यानें विकत घेऊन व्हरमॉन्ट विश्वविद्यालयास दिला आणि त्यासाठीं इमारतहि बांधून दिली. संग्राहकाचा संग्रह त्याच्यामागें न फुटतां जन्मभूमीस परत यावा, हें भाग्य थोड्यांच्या वांट्यास येतें.

कॅल्व्हिन कूलिज याचा प्रसंग लहान पण मनोरंजक आहे. २ ऑगस्ट १९२३ रोजीं अध्यक्ष हार्डिंग वारला, तेव्हां उपाध्यक्ष कूलिज प्लिमथ नॉच या आपल्या खेड्यांत बापाच्या घरीं होता. ३ तारखेच्या पहांटे २ वाजून ४७ मिनिटांनीं रॉकेलच्या दिव्याच्या उजेडांत बापानेंच त्यास शपथ दिली. बाप नोटरी होता. पुढें वॉशिंग्टनमधील कायदेपंडितांस शंका आली कीं, एका संस्थानाच्या नोटरीस राष्ट्राच्या अध्यक्षास शपथ देण्याचा अधिकार आहे काय? म्हणून २१ ऑगस्ट रोजीं विलर्ड हॉटेलांत न्यायाधीश होलिंग यांनीं ती पुन्हा गुप्तपणें दिली. ही गोष्ट १९३२ सालीं बाहेर फुटली. तसबिरींत मात्र रॉकेलचा दिवाच राहिला आहे.

राहतां राहिला चेस्टर ॲलन आर्थर. यास कालक्रम सोडून शेवटीं घेतलें आहे, कारण कागदांच्या अभावाचें असें दुसरें उदाहरण नाहीं. त्याचा बाप विल्यम आर्थर हा आयर्लंडमधून आलेला बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. प्रथम तो कॅनडांतील डनहॅम येथें राहिला, तेथेंच त्याचा विवाह जुळला, व मग सरहद्द ओलांडून व्हरमॉन्टमध्यें गांवोगांव फिरला. चेस्टरचा जन्म फेअरफील्ड या सरहद्दीजवळच्या खेड्यांत झाला. घराण्याच्या बायबलांतील नोंद ५ ऑक्टोबर १८२९ अशी आहे. परंतु आर्थर मोठेपणीं आपलें जन्मवर्ष १८३० सांगत असे आणि आल्बनी येथील त्याच्या थडग्यावर १८३० हेंच कोरलेलें आहे. दीर्घकाळ चरित्रकारांनीं थडगें प्रमाण मानलें. टॉमस रीव्हज यानें १९७५ च्या चरित्रांत बायबलाची नोंद पुढें आणून १८२९ ठरविलें. एक वर्ष चोरण्याचें कारण तरुण दिसण्याची हौस, याहून अधिक कांहीं दिसत नाहीं. शिलालेख नेहमीं कागदाहून बलवत्तर असें मानणाऱ्या आमच्या मित्रांनीं या थडग्याची आठवण ठेवावी.

ही निरुपद्रवी लबाडी त्यास बाधली. ज्याचा जन्म त्या देशांत झाला नाहीं त्यास अध्यक्ष होतां येत नाहीं. आर्थर हिन्मन नांवाच्या वकिलानें आधीं आयर्लंडमधील व मग कॅनडांतील जन्माचा आरोप केला, व १८८४ सालीं पुस्तकच छापिलें. त्याचें म्हणणें असें कीं, अध्यक्ष हा वस्तुतः डनहॅम येथें जन्मला, आणि फेअरफील्ड येथें १८३० सालीं जन्मून लहानपणींच मेलेल्या भावाची जन्मतिथि त्यानें स्वतःस लावून घेतली. यास आधार कांहीं नाहीं. पण तारखेंत एक वर्षाची फट होती म्हणूनच हें पाचर तेथें बसलें. फेअरफील्ड येथें संस्थानानें १९०३ सालीं ग्रॅनाइटचा दगड उभारला व १९५३ च्या सुमारास घर पुन्हा बांधलें. तें ज्या धर्मोपदेशकाच्या घराची प्रतिकृति आहे तेथें हें कुटुंब मूल जन्मल्यानंतर राहावयास गेलें असें आतां मानतात, म्हणजे जन्मस्थान म्हणून जें दाखवितात तेंहि जन्मस्थान नव्हे.

आर्थर हा न्यूयॉर्कच्या जकातखात्याचा मुख्य अधिकारी म्हणून पक्षाच्या माणसांस नोकऱ्या वांटण्यांत बदनाम झाला होता व १८७८ सालीं त्यास त्या जागेवरून काढलें. तोच १८८१ सालीं गारफील्डच्या खुनामुळें अध्यक्ष झाला, आणि १६ जानेवारी १८८३ रोजीं सरकारी नोकऱ्या परीक्षेनें भराव्या या कायद्यावर त्यानेंच सही केली. हा पालट कसा झाला हें सांगण्याचें सर्वोत्तम साधन त्याचे स्वतःचे कागद. ते त्यानें नोव्हेंबर १८८६ मध्यें, मरणाच्या दोनच दिवस आधीं, खाजगी व सरकारी असे दोन्ही प्रकारचे बहुतेक सर्व, जाळून टाकविले. त्यांत काय होतें याचा तर्क करण्यांत अर्थ नाहीं. पण जकातखात्यांतील बदनामी शत्रूंच्या कागदांत सविस्तर टिकून राहिली आणि सुधारणेचा हिशेब त्याच्या स्वतःच्या पेटींत जळाला, हें या जाळण्याचें फळ.

ज्वाळेंतून कांहीं कागद निसटले. १९५८ सालीं आर्थरच्या नातवाकडून काँग्रेसच्या ग्रंथालयानें जे कागद घेतले त्यांत ज्यूलिया सँड नांवाच्या न्यूयॉर्कमधील एका आजारी, अविवाहित स्त्रीचीं २३ पत्रें निघालीं. तिची व आर्थरची ओळख नव्हती. गारफील्ड अजून अंथरुणावर असतां, ऑगस्ट १८८१ च्या अखेरीस, तिनें आपण होऊन पहिलें पत्र लिहिलें आणि स्पष्ट सांगितलें कीं, तूं अध्यक्ष होणार या विचारानें देश भ्याला आहे. तरी तुझ्यांत चांगलेपणा असेल तर तो आतां दाखीव. पुढें १८८३ पर्यंत ती लिहीत राहिली; कधीं शाबासकी देई, कधीं रागें भरे. २० ऑगस्ट १८८२ रोजीं राष्ट्राचा अध्यक्ष पूर्वसूचना न देतां तिच्या घरीं जाऊन तासभर बसला. मंत्र्यांचीं, सेनेटरांचीं व पक्षनायकांचीं पत्रें ज्यानें तीन पिपांत जाळविलीं असें सांगतात, त्यानें हा जुडगा मात्र बाजूस ठेविला होता. तो आज वॉशिंग्टन येथें पाहावयास मिळतो.